लाल ताडपत्रीवरचा ज्युडो

डिचोलीत आमचा ज्युडो भाताच्या पेंढ्यावर सुरू झाला. सैन्यातून निवृत्त झालेल्या सरांनी देवळाच्या मंडपात पेंढा पसरला आणि वर खनिजाच्या ट्रकची जुनी ताडपत्री ताणली. तिच्यातली लाल धूळ काही केल्या जाईना. आमचे पांढरे पोशाख कायम तांबूस. पणजीच्या मुली हसायच्या, पण मला त्या रंगाचा भारी अभिमान होता. अजून आहे.

कितीतरी महिने सरांनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी, हात जमिनीवर सपकन. मग समोरच्याला त्याच्याच जोरानं पाडायचं, आणि इथे गाडं अडलं. समोरचीचा पाय आपल्या पायानं झाडून पाडायचं म्हणजे पाय लागणारच. पाय लागला की आम्ही पोरी सवयीनं थांबायचो, समोरचीला हात लावून तो कपाळाला न्यायचो. तेवढ्यात ती आम्हाला आडवं करायची!

सर वैतागले नाहीत. म्हणाले, "सुरुवातीला एकमेकींना वाकून नमस्कार करता ना, त्यातच सगळ्याची माफी आली. आणि पाडताना तिची बाही सोडायची नाही. तिला सुखरूप खाली ठेवणं हे आपलं काम."

हे बाबांना कोण समजावणार? सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आलेले आमचे बाबा भारी देवभोळे. एकदा मंडपात डोकावले आणि घरी येऊन कडाडले, "चेडवान लोकांक लाथो मारूच्यो? पणजीची स्पर्धा मी येवन बघतलंय. नाय पटला तर क्लास बंद."

स्पर्धेत माझ्यासमोर माझ्याहून उंच मुलगी. वाकून नमस्कार केला. तिनं रेटलं, मी मागे सरले, आणि तिचं पाऊल टेकता टेकता झाडलं. हात कपाळाकडे जायला शिवशिवला, पण मुठीत तिची बाही होती. ती मी सोडली नाही. ती मुलगी पाठीवर अलगद आली आणि पंचांनी हात वर केला. मी जिंकले होते! तरी माझी नजर बाबांना शोधत होती. ते टाळ्या वाजवत नव्हते.

बाबांच्या ट्रकमधून परतताना म्हापसा मागे पडलं. क्लास राहणार की बंद, ते अजून कळलं नव्हतं. शेवटी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "पडताना तिका धरलंस, तां मियां बघलंय."

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले, तर बाबा माझ्याआधी मंडपात. आपल्या ट्रकची ताडपत्री पेंढ्यावर ताणत होते. तीही लालच होती.