रिठदचा रांजण आणि जांभळाची वाइन

नाशिकजवळच्या ज्या छोट्या वायनरीत मी टाक्या धुतो, तिथे यंदा थोडी जांभळाची वाइन मातीच्या भांड्यात करून बघायचं ठरलं. भांडं आणायचं काम मी मागून घेतलं. मालक म्हणाले, "एकदाच. गळलं, तर पुन्हा स्टीलची टाकी." मग वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या नामदेवकाका कुंभारांना मी फोनवर उंची, तोंड, जाडी तीन-तीनदा सांगितली.

अकोल्याला गाडी बदलून वाशीम, तिथून रिसोडकडची एसटी. मे महिन्यात जाणार असाल तर सकाळचीच पकडा. अकरानंतर खिडकीची सळईही धरवत नाही.

रांजण अंगणात पाण्याने भरून ठेवला होता, माझ्या छातीएवढा. एवढं भांडं चाकावर होत नाही. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवायच्या, आतून दगड धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकायचं. मी बोटाने सांधा शोधला, सापडला नाही. पण बोट ओलं झालं.

"काका, हा पाझरतोय!"

"मंग? पाझरला नाई तं पाणी थंड कसं होईन? तुह्यासाठी राख जास्त घातली मातीत."

"यात वाइन ठेवायचीय. सगळी झिरपून जाईल."

काकू चुलीपासून ओरडल्या, "तीन डाव माप सांगतलं, अन् हेच नाई सांगतलं?"

खरंच राहून गेलं होतं. आतून मधमाश्यांचं मेण लावतात, असं वायनरीत ऐकलं होतं. वाशीमहून मेण आणलं. पण ओला रांजण तापवला तर तडकतो, म्हणून दोन दिवस तो वाळवला. तेवढे दिवस काकूंच्या हातची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. पैसे विचारले तर रागावल्या.

तिसऱ्या सकाळी काकांनी रांजण आडवा करून आत गोवऱ्यांचा विस्तव ठेवला आणि तळहाताने अंदाज घेत तो हळूहळू फिरवत राहिले. मी डोळे मिटले.

"काहून डोये मिटून राह्यला बापू? फुटला तं आवाज येतेच."

नाही फुटला. विस्तव काढून काठीला बांधलेल्या फडक्याने मेण फिरवलं. माती ते पीत गेली. मग पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत बाहेरून कोरडा! काका हात फिरवत म्हणाले, "गावात असा रांजण कोनी फुकटही नेला नसता."

कडब्यात गुंडाळून पिकअपने आणला. रांजणापेक्षा भाडं जास्त पडतं, हे धरून निघा.

आता त्यात जांभळाचा रस फसफसतोय. मालक रोज येऊन तळाशी हात लावतात. स्टीलच्या टाकीचं नाव काढत नाहीत. परवा काकांचा फोन आला. मी फोन रांजणाच्या तोंडाशी धरला. आतली फसफस पलीकडे ऐकू गेली.

"चाळीस वर्सं झाले गा," काका म्हणाले, "माह्या हातचा रांजण पयल्यांदाच बोलून राह्यला."