झाकणावर छापलेला डाऊट

"शी डाऊट्स एव्हरीथिंग," क्वालिटी मॅनेजर म्हणाली. "मुलगी गोड आहे, पण सारखा संशय. प्रोबेशन संपलं की ठेवायचं का, बघू."

मी चहाच्या खोलीच्या दाराबाहेर डबा घेऊन उभी होते. आत ती होती, प्रॉडक्शनचा सुपरवायझर होता आणि मायक्रोवेव्हची घरघर होती. बोलणं कोणाबद्दल चाललंय हे विचारायची गरज नव्हती. क्वालिटीत प्रोबेशनवर असलेली मी एकटीच होते. मी आत गेले नाही. लॉकरजवळच्या बाकावर बसून गार पोळीभाजी खाल्ली आणि वेळ संपायच्या तीन मिनिटं आधी परत लॅबमध्ये जाऊन बसले.

डँडेनॉन्गजवळचा हा कारखाना सूप आणि डिप बनवतो. मेलबर्नला येऊन फूड सायन्समध्ये मास्टर्स केलं, त्यानंतर अकरा महिने मी एका गोदामात खोकी उचलत होते. त्यामुळे शिकलेल्या विषयातली ही पहिली नोकरी मला कोणत्याही परिस्थितीत टिकवायची होती. काम साधं होतं. प्रत्येक बॅच सुरू व्हायच्या आधी तापमान बघायचं, डब्यावरचा मजकूर आणि आत जाणारा माल जुळतोय का ते बघायचं आणि कागदावर सही करायची. सहीशिवाय लाइन सुरू होत नाही.

पण मी संशय कधी घेतला? मी तर तोंडच उघडत नाही. कॉलेजच्या ग्रुपमध्येही माझं नाव 'म्यूट' होतं. संपूर्ण दुपार मी आठवत बसले, आणि मग एकदम लक्षात आलं. थर्मामीटर कसा तपासायचा हे विचारताना मी म्हणाले होते, आय हॅव अ डाऊट. यंत्रांच्या धुलाईच्या वहीबद्दल विचारतानाही तेच. गेले पाच महिने, आठवड्यातून दोनदा तरी, तेच. आणि दर वेळी समोरचा चेहरा किंचित मिटायचा, तेही मला दिसलं होतं. मला वाटायचं, माझ्या उच्चारांमुळे असेल.

फ्लॅटमेटला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. ती पुण्याची, एका वृद्धाश्रमात नर्स आहे.

"म्हणजे पाच महिने तू त्यांना तोंडावर सांगतेयस की माझा तुमच्यावर विश्वास नाही?"

"मला फक्त विचारायचं होतं गं."

"आणि तरी त्यांनी तुला ठेवलं! काय सोशिक माणसं आहेत."

"हसू नको."

"बरं, मराठीतून बोलली नाहीस ते. 'मला शंका आलीय' म्हणाली असतीस तर टॉयलेटचा रस्ता दाखवला असता."

मला हसू आलं, पण रागही आला. नाशिकच्या माझ्या शाळेत धडा संपला की मिस विचारायच्या, "एनी डाऊट्स?" आम्ही बोट वर करून म्हणायचो, "मिस, डाऊट!" परीक्षेआधीचा शेवटचा तास डाऊट क्लिअरिंगचा असायचा. ज्याला डाऊट नाही त्याने धडा उघडलेलाच नाही, असं धरून चालायचे. मिसवर अविश्वास दाखवतोय असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. शंका हा आपला जुना, सभ्य शब्द. आम्ही त्याला फक्त इंग्रजीचा गणवेश घातला होता.

ही तीच शाळा, जिथे मधल्या सुट्टीत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा. शेरे चुकवत चुकवत मी इतकी इंग्रजीत गेले, की आजही पाढे इंग्रजीतच येतात, आणि आईशी बोलताना साधा शब्द आठवला नाही की गप्प बसावं लागतं. ज्या भाषेसाठी एवढं सोडलं, तिच्यातही आता माझा शब्द चूक? कोट्यवधी माणसं डाऊट असाच वापरतात. आम्ही सगळे चुकलो आणि चहाच्या खोलीतली ती दोघं तेवढी बरोबर, हे मला त्या दिवशी पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

पटलं नाही, तरी मी शब्द बदलला. नोकरी हवी होती. दुसऱ्या दिवसापासून मी "क्विक क्वेश्चन" म्हणायला लागले, आणि जादू झाल्यासारखे चेहरे उघडले. "गुड क्वेश्चन, मेट!" सुपरवायझर म्हणायचा. मॅनेजर एकदा स्वतःहून म्हणाली की मी आता छान मोकळी झालेय.

माझ्या एवढंच लक्षात आलं की लोकांना क्वेश्चन का आवडतो. क्वेश्चन विचारला की उत्तर समोरच्याच्या मालकीचं होतं. त्याने दिलं की आपण घ्यायचं, थँक्यू म्हणायचं आणि निघायचं. विषय संपतो. डाऊट तसा संपत नाही. समोरचा बोलून थांबला तरी तो आपल्यापाशी शिल्लक राहू शकतो.

प्रोबेशनचे दोन आठवडे उरले होते. सकाळी सात वाजता भोपळ्याच्या सूपची बॅच होती. सूपला चव आणणाऱ्या स्टॉक पावडरची पोती नव्या पुरवठादाराकडून आली होती. मी त्यांचा माहितीचा कागद वाचला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, कंटेन्स मिल्क. आमच्या झाकणांवर छापलं होतं, मे कंटेन मिल्क.

मी सुपरवायझरकडे गेले. "क्विक क्वेश्चन. नव्या पावडरमध्ये दूध आहे. झाकण बदलायला नको?"

"झाकणावर 'मे कंटेन' आहे ना? मग त्यात सगळं आलं. गुड क्वेश्चन, पण नो वरीज."

"थँक्यू," मी म्हणाले. सवयीने.

चार पावलं गेले आणि त्या थँक्यूची मलाच लाज वाटली. मॅनेजरला फोन लावला. ती दुसऱ्या कारखान्यात ऑडिटला गेली होती. फोन बंद. निरोप ठेवला आणि पुन्हा झाकणांपाशी आले. शेकडो झाकणं एकावर एक रचलेली, प्रत्येकावर तोच 'मे'.

मे कंटेन म्हणजे असू शकतं. त्याचा अर्थ असा, की आम्ही यात दूध घातलेलं नाही, पण याच यंत्रावर दुसरं काहीबाही बनतं, म्हणून खात्री देता येत नाही. म्हणजे डाऊटच की! ज्या लोकांना माझ्या तोंडचा डाऊट चालत नव्हता, ते प्रत्येक झाकणावर डाऊट छापून विकत होते. आणि तो डाऊट आजवर प्रामाणिक होता. पण स्वतःच्या हाताने पोतं फोडून दूध ओतायचं आणि वर 'असू शकतं' म्हणायचं, हा डाऊट नव्हे. हे खोटं. 'मे' वाचूनही धोका पत्करून खाणारी माणसं असतात. 'आहे' वाचलं की तीच माणसं डबा खाली ठेवतात. दुधाने ज्याचा घसा सुजतो, त्याच्यासाठी या दोन शब्दांत फार मोठं अंतर आहे.

लाइनवर आठ माणसं जाळीच्या टोप्या घालून उभी होती. कुणीतरी हातमोजे ओढून सोडत होतं, फट फट. सुपरवायझर कागदाचं पॅड घेऊन आला. माझी चौकट सोडून सगळ्या चौकटी भरलेल्या.

"ऑल गुड?"

मी पेन घेतलं नाही.

त्याने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे, मग हसला. वाईट माणूस नव्हता तो. "हे बघ, दोन आठवड्यांत तुझं पर्मनंटचं पत्र येईल. मी मॅनेजरशी चांगलंच बोललोय तुझ्याबद्दल. आज उगाच उशीर नको करूस." मग पॅड जरा पुढे सरकवलं. "अजून काही क्वेश्चन आहे का?"

माझे कान गरम झाले. शाळेत पुढे बोलावल्यावर व्हायचे तसेच. आठही माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला कुणी बघितलेलं आवडत नाही. तोंडात नेहमीची वाक्यं तयार होती. सॉरी, जस्ट चेकिंग, मे बी आय अ‍ॅम राँग. ती मी एकेक करून गिळली. मग माल रोखून ठेवायच्या पिवळ्या होल्ड टेपचं रीळ उचललं, झाकणांच्या थप्पीवर एक पट्टी लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"नाही. मी विचारत नाहीये, सांगतेय. यात दूध आहे. या झाकणावर मी सही करणार नाही."