समोरच्या भिंतीवरचं ठिगळ

काकूंनी रंगवलेल्या खोलीत माणूस पाय आपटत शिरत नाही, असं काकू स्वतःच सांगत. दुसऱ्याने कौतुक करेपर्यंत थांबायला त्यांना सवड नसे. आयुष्य लहान आणि भिंती फार, एवढाच त्यांचा हिशोब.

घरं रंगवायचं काम त्यांच्याकडे नवऱ्याकडून आलं. त्याची पाठ कामातून गेली तेव्हा ब्रश, डबे, शिडी आणि एक धाकटा दीर एवढं काकूंच्या वाट्याला आलं. दीर आडदांड, पण उंचीला घाबरणारा. त्यामुळे काकू वर आणि भावोजी खाली शिडी धरून.

"वहिनी, पडलात तर झेलीन," भावोजी रोज म्हणत.

"तुम्ही शिडी धरा. पडायचं की नाही ते माझं मी बघते."

काकू सगळेच रंग लावत, पण त्यांचं नाव झालं होतं सोनेरीसाठी. चकचकीत नव्हे. चकाकीचा त्यांना राग होता. "भिंत आहे ती, सोन्याचा दात नाही," असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. त्यांचा सोनेरी म्हणजे पांढऱ्यात पिवळा, त्यात गेरूची चिमूट, आणि शेवटी काडीच्या टोकावर राहील एवढा काळा. काळ्याशिवाय सोनेरी उथळ दिसतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एका वाईट वर्षात त्यांचं त्यांनाच ते सापडलं होतं. त्या वर्षाबद्दल त्या बोलत नसत, काळा मात्र नेमाने टाकत.

एक दिवस घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ त्यांच्याकडे आले. बायको न्हाणीघरात घसरली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, टाके भरले, पण बाई खाटेवरून उठायचं नाव काढत नव्हत्या. डॉक्टर म्हणत, आता उभ्या राहा. त्या म्हणत, बघू.

"दिवसभर समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत पडलेली असते," घड्याळवाले म्हणाले. "भिंत तिच्याकडे बघते. दोघी एकमेकींना विटल्यात."

"सोनेरी लावू," काकू म्हणाल्या. "चार दिवसांत उठून नाही बसल्या तर मला विचारा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. भावोजींनी वहिनींकडे चमकून पाहिलं, पण बोलून गेलेला शब्द काही डब्यात परत भरता येत नाही.

खाट आतल्या खोलीत हलवली. काकूंनी भेगा बुजवल्या, घासलं, पहिला हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं तेव्हा खोली गरम भाकरीच्या पोटासारखी झाली. संध्याकाळी दिवा लावला तर मधासारखी. खाट जागेवर आली. बाई भिंतीकडे बघत राहिल्या. काकूंनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि शिडी उचलून निघाल्या.

चौथ्या दिवशी घड्याळवाल्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "काकू, ती म्हणते, पांढरा लावा. मी डबा आणून ठेवलाय."

काकूंच्या सोनेरीवर आजवर कुणी पांढरा फासला नव्हता. पोलक्याची बाही सरळ करत त्या तडक निघाल्या.

बाई उशाला टेकून पडल्या होत्या. नोकरीत असताना त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. अंग थकलं होतं, पण आवाज अजून तारेतून आल्यासारखा ठणठणीत होता.

"काय झालं ताई? रंग आवडला नाही?"

"सकाळी सोनं," ताई म्हणाल्या, "आणि दुपारी कावीळ."

"कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं दिसतं म्हणतात."

"माझं हाड मोडलंय, डोळे नाही. तुम्ही बघितलात का दुपारी?"

काकूंनी बघितलं नव्हतं. दुपारी त्या जेवत. जेवून जिन्याखाली हाताची उशी करून पडत. इतकी घरं रंगवली, पण वाळलेल्या रंगात दुपारभर बसून राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. रंग लावणारा निघून जातो. त्यात राहायचं असतं दुसऱ्यालाच.

"एक दुपार द्या मला," त्या म्हणाल्या. "माझा रंग खोटा निघाला तर पांढरा मीच लावीन."

"बसा. मी काही कुठे जात नाहीये," ताई म्हणाल्या.

खुर्ची ओढून काकू बसल्या. दोघी भिंतीकडे बघत राहिल्या. आतल्या खोलीत घड्याळवाल्यांची घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती. ऊन छपरावरून पलीकडे सरकलं आणि भिंतीतून काहीतरी निघून गेलं. आधी कोपऱ्यातून, मग मधूनही. शेवटी जे उरलं ते बघायला काकू खुर्चीतून पुढे झुकल्या. आजाऱ्याच्या डोळ्यांतला पिवळा होता तो. त्यात हिरवट झाक. ताईंचा चेहराही त्यात बुडाला होता.

"रोज असं?"

"रोज. हा रंग चढला की वाटतं, हेच खरं. सकाळचं ते उगाच."

काकू उठल्या. पांढऱ्या रंगाचा तो डबा त्यांनी उघडला, त्यात एक पुठ्ठा बुडवला आणि भिंतीला लावून धरला. पांढराही शेवाळल्यासारखा दिसू लागला.

"हे बघा. पांढरा लावलात तर हे असं."

"म्हणजे पडदा ओढून अंधारात पडू?"

काकू खिडकीशी गेल्या. गल्लीपलीकडे छापखान्याची उंच भिंत होती. मालकाने नुकतीच ती कच्च्या कैरीसारखी हिरवीगार करून घेतली होती. दुपारचं पश्चिमेचं ऊन तिच्यावर सपाट पडलं होतं, आणि तिथून उडून सगळं हिरवं या खोलीत येत होतं. काकूंना हायसं वाटलं, मग लाज वाटली, मग पुन्हा हायसं वाटलं.

"माझा रंग ठीक आहे ताई. प्रकाश नासका आहे. समोरची भिंत रंगवायला हवी."

"ती आपली नाही हो!" दारातून घड्याळवाले म्हणाले.

"मग तिचा उजेड आपल्या घरात कसा?" असं म्हणून काकू जिना उतरल्यासुद्धा.

छापखानेवाला बोटांना शाई लावून उभा होता. ऐकून तो हसला. "माझी भिंत? अहो, आत्ताच रंग दिलाय. हिरवा डोळ्यांना थंड असतो."

"तुमच्या डोळ्यांना थंड, समोरच्या खाटेला ताप. तिथे ताई पडून आहेत. टेलिफोनवाल्या."

"त्या?" त्याचा चेहरा बदलला. "नंबर मागितला की माझ्यावर खेकसायच्या. म्हणायच्या, फोनवर ओरडू नका, तार आहे ती, म्हैस नाही."

"आता खाटेवरून खेकसतात. पण पडून पडून तोही जोर कमी होत चाललाय."

छापखानेवाल्याने कानामागे खाजवलं. कानालाही शाई लागली. "सगळी भिंत देणार नाही. त्यांना जेवढी दिसते तेवढीच. वर एक वीतसुद्धा नाही. कबूल?"

"जेवढी दिसते तेवढी. शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत तमाशा झाला. काकू शिडीवर, भावोजी खाली, आणि खिडकीत निरोप पोचवायला घड्याळवाले उभे. पण त्यांची गरजच पडली नाही. ताईंचा आवाज खाटेवरून थेट गल्ली ओलांडून येत होता.

"डावीकडे! तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे!"

"इथपर्यंत दिसतं का?"

"अजून वर. अजून. बस्स! आता खाली या... तिथे थांबा, त्याच्या खाली मला खिडकीचा कठडाच दिसतो."

काकूंनी खडूने हद्द आखली आणि आत दुधावरच्या सायीचा रंग भरला. इथे सोनेरी नको होता. इथे फक्त मऊ, तापलेलं पांढरं हवं होतं, उन्हाला वाट देणारं. काम संपवून खाली उतरल्या तेव्हा त्यांनी गल्लीतून वर पाहिलं. हिरव्यागार भिंतीवर वाकडा चौकोन. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "विजारीला ठिगळ लावलंय!" आणि सगळे हसले.

"वहिनी, आपलं नाव जाईल हो," भावोजी कुजबुजले.

"हसू दे. ह्यांच्यातलं कुणी त्या खाटेवर पडलेलं नाही."

तोंडाने असं म्हटलं, तरी त्या दिवशी जेवण त्यांना गेलं नाही. वेळ झाली तशा त्या जिना चढल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. पुन्हा तीच घड्याळं, तेच ऊन, आणि छपरावरून त्याचं तेच सरकणं. काकू कोपऱ्याकडे बघत होत्या. कोपरा आधी मंद झाला. मग तसाच राहिला. हिरवं आलं नाही. सोनेरी थोडा गडद झाला, संध्याकाळची तयारी करत असल्यासारखा, आणि टिकला.

ताईंनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भिंत निरखली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तो पांढरा डबा न्हाणीघराला वापरा."

याहून जास्त कौतुक त्या घरात होत नसावं, हे काकूंनी ओळखलं. "चार दिवसांत उठून बसाल म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "ते मात्र जरा चढवून बोलले."

"ते मला कळलंच होतं," ताई म्हणाल्या.

त्यानंतर काकू दुसऱ्या घरांत, दुसऱ्या भिंतींत गुंतल्या. आता कुठेही काम असलं तरी रंग वाळला की एक दुपार तिथल्याच खोलीत बसून काढत. भावोजींना वाटे, वहिनी म्हाताऱ्या झाल्या. जाता येता काकू गल्लीत मान वर करून ठिगळाकडे बघत, खिडकीकडे बघत. खिडकीत कुणी नसे.

मग एका सकाळी त्या शिडीवर असतानाच फोन वाजला.

"काकू," ठणठणीत आवाज आला. "ठिगळ अपुरं पडलं."

"अपुरं कसं पडेल? तुम्हीच तर माप दिलंत."

"दिलं होतं. पण आता खाली हिरवं दिसतंय. कठड्याच्या खाली. चांगलं हातभर."

काकू ब्रश हातात धरून थांबल्या. रंगाचा थेंब टपकला तो भावोजींच्या डोक्यावर. खाटेवरून कठड्याच्या खालचं काही दिसत नाही, हे त्यांनी स्वतः खडूने आखलं होतं.

"ताई, तुम्ही कुठे आहात आत्ता?"

"कुठे म्हणजे? खिडकीशी," ताई म्हणाल्या. "लवकर या. मला फार वेळ उभं राहवत नाही."

काकू सरसर खाली उतरल्या आणि सायीच्या रंगाचा डबा शोधू लागल्या.

"पण वहिनी," डोकं पुसत भावोजी म्हणाले, "एक वीतसुद्धा जास्त नाही असं ठरलं होतं ना? छापखानेवाला भांडेल."

"कशाला भांडेल?" काकू म्हणाल्या. "जेवढी दिसते तेवढी, असा शब्द आहे. शिडी उचला."