फळ्यावरची अकरा कुलपं

पासवर्ड कुणाला दिसू देऊ नये, हे शिकवताना मी अकरा बायकांचे पासवर्ड फळ्यावर लिहिले होते. तेव्हा मी तरुण होते, बासष्टची. बारामतीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ज्ञान अंगात मावत नव्हतं, म्हणून पळसदेवला मासेमारांच्या वस्तीत बायकांना मोबाईल शिकवायला जात असे.

जे तोंडातून कधी निघत नाही तेच कुलूप ठेवा, असं मी सांगितलं. काय निघत नाही? नवऱ्याचं नाव. ते अख्ख्या वस्तीला ठाऊक असतं, एवढी बारीक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. बरं, इंग्रजी स्पेलिंगसाठी नाव तर कळायला हवं. मग प्रत्येकीनं शेजारणीच्या नवऱ्याचं सांगायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं. वर ठळक अक्षरांत शीर्षक दिलं, 'मोबाईलचं कुलूप'. फळा पुसायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचा वर्ग भरायचा त्याच समाजमंदिरात पुरुषांची बैठक होती.

संध्याकाळपर्यंत अकराही मोबाईल उघडले. दहांत भजनं आणि पोरांचे फोटो निघाले. अकराव्यात दहावीचा फॉर्म निघाला. सातवीत शाळा सुटलेली ती बाई घरात न सांगता बाहेरून परीक्षेला बसणार होती. नवऱ्यानं मोबाईल काढून घेतला. तिचं वर्गाला येणं थांबलं आणि परीक्षा तीन महिन्यांवर आली होती.

मी माफी मागायला गेले. वाटेत स्त्रीशिक्षणावर भाषण पाठ केलं. नवरा अंगणात जाळं सांधत बसला होता, ती उंबऱ्यात. मी तोंड उघडायच्या आत त्यानं विचारलं, त्याचं नाव इंग्रजीत फळ्यावर होतं असंच लिहितात का. मी म्हटलं, असंच. मग म्हणाला, परीक्षेचा राग नाही, चोरून केल्याचा आहे.

"आधी इचारलं असतं तर मी न्हाय म्हणलो असतो, ते येगळं," असंही त्यानंच सांगितलं.

चूक माझी होती, तिची नव्हे, एवढंच मला बोलता आलं. पाठ केलेलं भाषण आठवलंच नाही. त्यानं जाळ्याची गाठ आवळली. मग परीक्षेचं केंद्र कुठं, म्हणून विचारलं. इंदापूर, मी म्हटलं. एसटीचा भरवसा नाही, गाडीवर सोडीन, असं तो जाळ्याकडं बघतच म्हणाला आणि खिशातला बायकोचा मोबाईल काढून तिच्यापुढं ठेवला.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, आभार मानेल.

"बाई," ती म्हणाली, "मोबाईलचं आमचं आमी बघू. तुमाला गणित येत असलं तर तेवढं शिकवा."