पोलन स्ट्रीटवरचं टॉनिक

सुनेत्रा पणदूरकर मूळची सांगलीची. बी.फार्म. झाल्यावर तिनं पुण्यातल्या एका औषध कंपनीत बरीच वर्षं काढली होती. २००४ साली नवरा गुरुनाथ आणि लेक अनुया यांना घेऊन ती न्यूझीलंडला आली. इथं फार्मासिस्ट म्हणून काम करायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर पोटासाठी दुसरं काहीतरी बघावं लागतं, हे तिला आल्यावर कळलं. ते दुसरं काहीतरी तिला ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागातल्या एका किराणा दुकानात भेटलं. शशिकांत नावाच्या गृहस्थांनी तिचं मराठी ऐकून आपणहून ओळख काढली आणि बोलता बोलता नोकरीही देऊ केली.

शशिकांतचा धंदा मधाचा, सरबतांचा आणि काढ्यांचा. ऑकलंडपासून गाडीनं दीड तासावर थेम्स नावाचं गाव आहे. इंग्रजांच्या काळात सोन्याच्या खाणींवर वसलेलं. सोनं केव्हाच संपलं, पण लाकडी ओसऱ्यांची दुकानं आणि जुनी हॉटेलं राहिली, ती बघायला बसा भरभरून पर्यटक येत. शशिकांतनं तिथल्या पोलन स्ट्रीटवर जुन्या केमिस्टचं बंद पडलेलं दुकान भाड्यानं घेतलं. लाकडी खणांना पॉलिश केलं. तपकिरी काचेच्या बाटल्यांवर जुन्या वळणाची लेबलं चिकटवली. आल्याची बीअर, मनुका नावाच्या तिथल्या झुडपाचा मध, ओटची बिस्किटं, आणि सगळ्यांच्या पुढे 'खाणवाल्यांचं हृदय टॉनिक'. काउंटरमागे घरच्यांसह थेम्सला राहायला आलेली सुनेत्रा, घोळदार काळा झगा आणि वर लेसचा एप्रन अशा वेषात.

"वहिनी, लोकांना गोष्ट विकायची. बाटली तिच्या मागोमाग आपोआप जाते," शशिकांत म्हणाला होता. "आणि किती घेऊ असं कुणी विचारलं तर सांगायचं, हवं तितकं घ्या, सगळं झाडपाल्याचंच आहे."

टॉनिकमध्ये नेमकं काय आहे, हे तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यानं हसून विषय बदलला. तिनं चमचाभर चाखून पाहिलं. ज्येष्ठमध, भरपूर ज्येष्ठमध. लहानपणी खोकल्याला आई द्यायची तेच, म्हणून ती निर्धास्त राहिली.

नोएल हे रोजचं गिऱ्हाईक. पंचाहत्तरी ओलांडलेला, बायको वारलेली, उभं आयुष्य गावातल्या फाउंड्रीत गेलेलं. सकाळी माओरी पद्धतीनं नमस्कार करत, 'किया ओरा, लव्ह' म्हणत आत यायचा, खुर्ची ओढून बसायचा आणि पर्यटकांना खाणींच्या खऱ्या-खोट्या कथा ऐकवायचा. टॉनिक तर त्याला इतकं आवडलं की तो ते पाण्यासारखं प्यायला लागला. "हवं तितकं घ्या," हे त्याला सुनेत्रानंच सांगितलं होतं, अगदी हसत.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी नोएलला बाटलीचं झाकण उघडेना. बोटं नुसतीच घसरत राहिली. "म्हातारपण, दुसरं काय!" तो म्हणाला. सुनेत्राची नजर त्याच्या पायांकडे गेली. घोटे सुजून मोज्याचा काठ मांसात रुतला होता.

"नोएल, तुम्ही गोळ्या कुठल्या घेता?"

"एक हृदयाची. आणि एक पाण्याची, सारखं बाथरूमला पळवते ती."

कॉलेजात शिकलेलं, इतक्या वर्षांत कधी गरज न पडलेलं ते पान सुनेत्राच्या डोळ्यांसमोर लख्ख आलं. ज्येष्ठमध फार झालं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं, सूज येते, हातापायांतली शक्ती जाते. त्यात पाण्याची गोळी आणखी पोटॅशियम काढून टाकते. आणि वर हृदयाची गोळी, म्हणजे ठोकेच बिघडायचे.

"काही दिवस टॉनिक बंद ठेवा. आणि डॉक्टरांना दाखवून या," ती कशीबशी म्हणाली.

"अगं, घरी चांगला साठा करून ठेवलाय," तो हसत म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला.

तिनं लगेच शशिकांतला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्ही डॉक्टर नाही. इथं तर अजून फार्मासिस्टही नाही. असलं काही बोललात तर आधी तुमच्यावरच शेकेल, विकलंय तुम्ही. आणि तुमच्या इथल्या कामाच्या परमिटवर नाव माझ्या कंपनीचं आहे, हे लक्षात असू द्या. अनुयाची शाळा कशी चाललीय?"

तो शेवटचा प्रश्न ऐकून तिनं फोन ठेवून दिला.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. टॉनिकच्या बाटल्या तिनं खालच्या खणात सरकवल्या. कुणी मागितलंच तर संपलं म्हणून सांगायची. पोलिसांची गाडी रस्त्यानं गेली तरी ती खणांआड सरकायची. नोएल आला की ती त्याचा चेहरा निरखायची. त्याला सगळं खरं सांगायचं असं ठरवायची, आणि तोंडातून निघायचं ते भलतंच, हवा किती गार पडलीय वगैरे. डॉक्टरांकडे गेलात का विचारलं की तो हात झटकायचा.

गुरुनाथला तिनं स्वयंपाकघरात सांगितलं. तो पेट्रोल पंपावरच्या कामाला निघाला होता, तसाच खुर्चीत बसला.

"भारतात परत जावं लागलं तर?" त्यानं विचारलं.

"आणि तो माणूस गेला तर?" ती म्हणाली.

गुरुनाथ उठला आणि कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी नोएल आला नाही. पर्यटकांची बस दारात येऊन थांबली, माणसं आत शिरली, कॅमेरे निघाले. सुनेत्रा रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "माफ करा, दुकान बंद आहे," आणि सगळ्यांना बाहेर काढून तिनं कुलूप लावलं.

नोएलचं घर टेकडीवर होतं. झगा दोन्ही हातांनी उचलून ती चढ चढत होती. लोक थांबून बघत होते. एकानं तर फोटोही काढला. तिच्या मनात एकच घोकणं चाललं होतं, उशीर नको झालेला, उशीर नको झालेला.

दार उघडंच होतं. नोएल स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला. डोळे उघडे होते, पण अंग हलत नव्हतं.

"पाय ऐकत नाहीत, लव्ह," तो पुटपुटला.

तिनं एकशे अकराला, आणीबाणीच्या नंबरवर, फोन केला. अँब्युलन्स येईपर्यंत त्याची नाडी धरून बसली. नाडी मध्येच अडखळायची, थांबल्यासारखी व्हायची.

इस्पितळात तरुण डॉक्टरीण, हे काय काय घेतात, ते विचारायला आली. सुनेत्राला गप्प बसणं अगदी सोपं होतं. म्हातारा माणूस, थकलेलं हृदय, कुणालाही पटलं असतं. तिला शशिकांतचा गोड आवाज ऐकू आला, अनुयाचा शाळेच्या गणवेशातला चेहरा दिसला.

"ते एक टॉनिक पितात," ती म्हणाली. "त्यात ज्येष्ठमध आहे, खूप. रोज, कित्येक आठवडे. मीच विकलंय. पोटॅशियम बघा."

डॉक्टरीण क्षणभर त्या लेसच्या एप्रनकडे बघत राहिली आणि मग धावतच आत गेली.

संध्याकाळी हॅमिल्टन शहरातून नोएलची मुलगी आली. "काय पाजलंत माझ्या वडिलांना?" ती ओरडली. सुनेत्रानं मान खाली घालून सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. त्यानंतर ती सुनेत्राशी कधीच बोलली नाही. नोएल वाचला, पण एकटं राहायचं बळ उरलं नाही. मुलीनं त्याला हॅमिल्टनला नेलं. जाण्याआधी त्यानं परिचारिकेकरवी सुनेत्राला निरोप धाडला, तुझ्यावर माझा राग नाही. त्या निरोपानं तिला अधिकच रडू आलं.

दुकानाच्या दारावर तिनं मोठ्या अक्षरांत सूचना लावली, हे टॉनिक घेतलेल्यांनी ते बंद करावं आणि डॉक्टरांना भेटावं. शशिकांत ऑकलंडहून तणतणत आला, त्यानं ती टराटरा फाडली आणि तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. पण तोवर गावानं ती वाचली होती. आणखी दोघं-तिघं सुजलेले पाय घेऊन डॉक्टरांकडे पोचले, आरोग्य खात्याची माणसं बाटल्या उचलून घेऊन गेली आणि दुकानाला टाळं लागलं.

नोकरी गेली, परमिटही जाणार, म्हणून पणदूरकरांनी सामान बांधायला घेतलं. खोक्यांच्या मधोमध बसून अनुयानं विचारलं, "आर वी बॅड पीपल, आई?" सुनेत्राला पटकन नाही म्हणता आलं नाही.

त्याच आठवड्यात गावातल्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. दारावरची सूचना त्यांनी वाचली होती. म्हाताऱ्यांची देखभाल करणारं माणूस त्यांना हवंच होतं, परमिटसाठी त्या अर्ज करायला तयार होत्या. अर्ज गेला. उत्तर येईपर्यंत टपालवाल्याची सायकल दिसली की सगळे दाराकडे धावायचे.

मंजुरी आली तेव्हा गुरुनाथनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. सुनेत्रानं कागद हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचला. आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांसमोर नोएलची रिकामी खुर्ची येत राहिली. गुरुनाथनं चहा ठेवला, अनुया तिला बिलगून बसली, आणि तिनं कागदाची घडी घातली.