उखळ कुठे ठेवायचं?

वसाहतीतल्या मैत्रिणींनो, आजचंच घडलेलं फलकावर लावते आहे.

बाबा रात्रपाळी करून सकाळी झोपले आणि वरच्या मजल्यावर सखूमावशी मिरच्या कुटू लागल्या. काल बाबांना मशीनवर डुलकी लागली होती, बोटं थोडक्यात वाचली. मी वर जाऊन मावशींना कुटणं दुसरीकडे न्यायला सांगितलं.

“बीए झालीस म्हणून कुटायचं बी शिकवतीस व्हय? गावाकडं उखळाखाली भुईच असायची.”

“मावशी, इथं उखळाखाली आमचे बाबा झोपतात.”

त्या ओशाळून हसल्या. दोघींनी उखळ अंगणात आणलं. मीही मुसळ धरलं. शेजारणी जमल्या, गप्पा रंगल्या, त्याही नेमक्या आमच्या खिडकीखाली.

बाबा जागेच राहिले. माझे हात भगभगताहेत. आज पुन्हा त्यांची रात्रपाळी आहे. कुटणं काही थांबणार नाही. मग इमारतीपासून लांब एखादी जागा आपण मिळून ठरवायची का?