खळ्यावर वाळलेली कॉफी

सासरी कॉफीतली जाणकार म्हणून माझी नेमणूक झाली, ती केवळ मी राहात्यासारख्या बाजाराच्या गावची म्हणून. माहेरी पाहुणे आले की डब्यातली पूड दुधात उकळायची आणि वर जायफळ किसायचं, एवढंच माझं ज्ञान. कॉफी झाडाला लागते हे मी लग्न होऊन अकोले तालुक्यातल्या डोंगरात आल्यावर पाहिलं. एकाहत्तर-बाहत्तर साल असेल.

आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, भावाने दक्षिणेतल्या मळ्यावरून थोडी रोपं आणून दिली होती. आत्याबाईंनी ती फणसाच्या सावलीत, भांडी घासल्याच्या पाण्यावर लेकरांसारखी वाढवली. मामंजींनी मात्र बजावलं होतं: यंदा त्यातून पिण्याजोगं काही निघालं तर ठीक, नाहीतर शिमग्यानंतर झाडं उपटून तिथं मिरची.

भाताची मळणी उरकली होती. रिकाम्या खळ्यावर आम्ही लाल फळं पसरली. एक फोडून चाखलं तर गोड, चिकट, आणि आत पोटाला पोट लावून निजलेल्या दोन बिया.

"वाळलं कसं वळखायचं गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काळं पडलं की," मी रुबाबात सांगितलं.

फळं लवकरच काळी पडली, पण दाताखाली मऊच. मग आत्याबाईंनी एक फळ कानाशी धरून हलवलं. वाजेना. तेव्हापासून रोज दुपारी आम्ही सासूसुना खळ्यात फळं कानाला लावून बसायचो. येणारेजाणारे काही विचारत नसत. सून बाजाराच्या गावची आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी एकदा आत खुळखुळलं. उखळात हलक्या हाताने कांडलं, सुपात पाखडलं. टरफलं उडाली, फिकट हिरव्या बिया उरल्या. आत्याबाईंनी त्या मडक्यात भरल्या आणि भाताच्या बियाण्यात घालतात तसा निर्गुडीचा पाला घातला. "किडा लागत न्हाई," त्या म्हणाल्या. जाणकाराने मान डोलावली.

शिमग्याच्या तोंडावर मडकं उघडलं, तर पाल्याचा चुरा होऊन बियांत मिसळलेला. निवडला तेवढा निवडला. बिया तव्यावर भाजल्या, जात्यावर दळल्या, दुधात उकळल्या. मी वर जायफळ किसलं. वास कॉफीचा होता, पण एकटीचा नव्हता.

मामंजींनी बशीत ओतून घोट घेतला. आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"ही कॉफी हाय?" मामंजींनी मला विचारलं. "ह्यो तर काढा हाय."

मी तोंड उघडायच्या आत चुलीकडून उत्तर आलं. "व्हय. तुमच्या गुडघ्यांसाठीच केलाय. रातभर कण्हता न्हवं?"

मामंजींनी बशी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच चुलीपाशी येऊन बसले. "काढा न्हाई का आज?"

मिरची त्या वर्षी गोठ्यामागे लागली.

पुढच्या हंगामात आत्याबाईंनी पाला न घालता, अगदी चोख कॉफी केली. मामंजी प्यायले, गुडघा चोळला आणि म्हणाले, "यंदा गुण न्हाई."

तेव्हापासून आम्ही दोन मडकी भरायला लागलो.